धाकूच्या न केलेल्या पापांची चौकशी

धाकूदादा,

आपल्या ख्रिस्ती मंडळीचं आता मासिक निघतं. त्याचे संपादक सभ्य गृहस्थ आहेत. परवा घरी येऊन म्हणाले, "सुमतीबाई, मागच्या पिढीतल्या एखाद्या आदर्श विश्वासणाऱ्याचं चरित्र द्या." मी म्हटलं, आदर्श माझ्याकडे शिल्लक नाही, धाकू आहे, चालेल? त्यांनी विचारलं, "कोण धाकू?"

म्हणून हे पत्र. लिहिते तुला, पण वाचणार ते. तेव्हा तू कोण, कुठला, हे तुझं तुलाच ऐकवावं लागणार. मधे बोलू नकोस. आणि कृपा करून भर घालू नकोस.

तू बाळकुमचा. पावसाळ्यात भाताची दोन खाचरं, आणि दिवाळीनंतर खाडीकाठच्या मिठागरावर काम. उंच, काळा, पुढचा एक दात पडलेला. तो दात कसा पडला याच्या चार हकिकती मी तुझ्याच तोंडून ऐकल्या. एकीत मगर होती, एकीत बंदूकवाला गोरा साहेब. ठमाबाई, तुझी बायको, चुलीपासून ओरडायची, "सुपारी चावताना परला! मी व्हतू तिथं!"

अठराशे चौऱ्याऐंशी साली तुम्ही दोघांनी बाप्तिस्मा घेतला. तो दिला माझ्या वडिलांनी. हरिहर पाळक म्हणून त्यांना ठाण्यात सगळे ओळखत. तलावापलीकडे कौलारू छपराचं आपलं लहानसं देऊळ होतं, आणि मंडळी मोजून सव्वीस माणसं, त्यात पाच तान्ही.

तुझं पाप एकच होतं. थापा. काही मिळवायला थापा मारणारा माणूस मला समजतो. तुला कधी काही मिळालं नाही. कुणी विचारलं, "धाकू, भरती लागली का?" की तू भरतीबरोबर एक देवमासा आणायचास. गोदूबाई तुझी शेजारीण, कोंबड्या पाळणारी, देवीची भक्त, तुझ्या बाप्तिस्म्यावर फार रागावलेली. तिच्या नवऱ्याला तू कल्याणच्या बाजारात अस्वलाशी बोलताना पाहिलं होतंस. चार दिवस ती त्या बिचाऱ्याचा खुलासा ऐकून घेत नव्हती.

बाप्तिस्म्याआधी बाळकुमात याला कुणी पाप म्हणत नव्हतं. तिथे खरं बोलायची निराळी सोय होती. पंच बसायचे, हातात बेलभंडार द्यायचे, मग जे बोलायचं ते खरं. बाकीचं बोलणं म्हणजे दिवस काढायचं साधन. बाबांनी तुला समजावलं की ख्रिस्ती माणसाला शपथ नाही. त्याचं साधं बोलणंच शपथेच्या तोलाचं.

तू विचारलंस, "सगलाच?"

"सगळंच."

"सकाली उठल्यापासून?"

"हो."

"म्हशीशी बोलतो त्ये पन?"

बाबा मला सांगायचे, तुझा चेहरा तेव्हा असा झाला, जसं कुणी माणसाच्या डोक्यावरून छप्पर काढून नेलं.

मग अठ्ठ्याऐंशीचा नाताळ आला. तू मंडळीत सांगितलंस की कलेक्टरसाहेब आपल्या देवळात उपासनेला येणार, त्यांनी तुला मिठागराच्या बांधावर उभं राहून स्वतः सांगितलंय. देवळाला चुना लागला. गोपीनाथ मास्तर, आपल्या शाळेचे हेडमास्तर आणि मंडळीच्या पंचांतले मुख्य, त्यांनी इंग्रजीत मानपत्र लिहून पाठ केलं. साहेबासाठी एका पारशाकडून खुर्ची आणली. ती दारातून आत जाईना, म्हणून चौकटीची एक बाजू काढली. नाताळ झाला. खुर्ची रिकामी, दार मोडकं, आणि मास्तर मानपत्र पोटात घेऊन बसलेले.

पंचांनी ठराव केला: धाकूने मंडळीसमोर आपलं खरं पाप कबूल करावं, आणि तीन महिने खोटं न बोलता राहावं, तोपर्यंत त्याने प्रभुभोजनाला आत बसू नये.

बाकीच्यांच्या दृष्टीने शिक्षा बेताचीच होती. महिन्यातून एका रविवारी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा एक घोट चुकणार, एवढंच. तुला मात्र वाटलं की प्रभूनंच आपल्याला पंक्तीतून उठवलं. त्या रविवारी तू दाराबाहेर, वहाणांच्या शेजारी बसायचास. उपासना संपली की पहिली ठमाबाई बाहेर यायची.

"माजा इचारला का गं कुनी?"

"कुनी इचारावा?"

"देवानं?"

"त्याला येवरंच काम हाय काय? उठ, माजी वहान तुज्या खाली हाय."

ती तशी बोलायची, आणि पदराच्या टोकाला बांधून आणलेला गूळ तुझ्या हातावर ठेवायची.

तू प्रयत्न केलास, हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन. आधी मौन धरलंस. अकरा दिवस एक शब्द नाही. ठमाबाई म्हणाली, घरात भूत वावरतंय असं वाटतं. बाराव्या दिवशी मिठावरच्या सरकारी शिपायाने तुला विचारलं, "साहेब कुठल्या बाजूला गेले?" साहेब गेले होते कळव्याच्या बाजूला, आणि तू हात लांब करून उलटीकडे दाखवलंस. शिपाई दोन कोस धावला. संध्याकाळी तू रडत बाबांकडे आलास: "बाबा, आता ह्यो हात पन खोटा बोलाया लागला!"

मग दुसरा मार्ग काढलास, तो असा की मिठागरावरच्या माणसालाच सुचावा. बाबांच्या प्रवचनात तू ऐकलंस की माणसाचं पाप कितीही असो, देवाची कृपा त्याहून जास्त. तू हिशोब जुळवलास तो वाफ्यांचा. वाफ्यात खारं पाणी जितकं जास्त घ्यावं, तितकं मीठ जास्त पडतं. तेव्हा कृपा कमी पडत असेल तर त्याचा अर्थ पाणी कमी घेतलंय! थापा हे पाप फारच पातळ. त्यावर काय कृपा जमणार? आणखी घट्ट पाप पाहिजे.

बुधवारच्या साक्षीच्या सभेत तू उभा राहिलास आणि गोदूबाईचा तांबडा कोंबडा चोरून खाल्ल्याचं कबूल केलंस. मसाल्यासकट. मंडळी हेलावली. मास्तरांनी डोळे पुसले आणि कागदावर लिहून घेतलं.

पुढच्या रविवारी प्रवचनाच्या मध्यावर गोदूबाई देवळात शिरली. काखेत कोंबडा.

"कुठं हाय त्यो धाकू? साऱ्या गावाला बोलतोस, माजा कोंबरा खाल्ला? मंग ह्यो काय हाय? ह्याचा बाप हाय?"

कोंबड्याने तिच्या म्हणण्याला दुजोरा दिला. बाबा प्रवचन थांबवून खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

मास्तर मात्र हसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी सांगितलं, चोरी झालेली नाही, म्हणजे कबुली खोटी. आता खोट्या कबुलीची कबुली दिली पाहिजे. तू ती दिलीस. दिलीस ती दिलीस, आणि शेवटी म्हणालास की कोंबडा बाळकुमचा नव्हता, कल्याणचा होता.

हे असं वर्षभर चाललं. नव्वदच्या एप्रिलात मी मुंबईहून सुट्टीला घरी आले, तेव्हा तुझ्या नावावर चौदा पापं कबूल होऊन पडली होती, आणि कुठलं खरं, कुठलं बनावट, हे पंचांना कळेनासं झालं होतं. मी तेव्हा अठरा वर्षांची. कॉलेजात तर्कशास्त्र शिकत होते. तर्कशास्त्र शिकणारी मुलगी घरात असली की तिला बाहेर काहीतरी काम द्यावं लागतं. मास्तरांनी ते दिलं: धाकूची चौदा पापं एकेक करून पडताळावी.

मी छत्री घेऊन निघाले. आठ दिवस फिरले. कळव्याच्या नावाड्याला तू खाडीत ढकललं होतंस ना? नावाडी म्हणाला, "मीच परलो, ताडी जास्त झालेली. त्यानं केस धरून वर काढला." बाळकुमच्या एका म्हाताऱ्याचं कुंपण चोरलं होतंस, म्हाताऱ्याने मला कुंपण दाखवलं आणि सांगितलं की ते तूच बांधून दिलंस, फुकट. कल्याणला ज्या भटजीला मारलं म्हणालास, त्यानेच तुला मारलं होतं; ते सांगताना त्याला अजून बरं वाटत होतं. गोदूबाईने तर मला पाणी दिलं, गूळ दिला, आणि म्हणाली, "तुमच्या देवाला बोल, येवरा धरू नको त्याला. वंगाळ नाय तो. तोंडाला झाकन नाय, बास."

आठव्या दिवशी मी तापून तुझ्या अंगणात आले. तू मिठागरावरून येऊन पाय धूत होतास. मी कागद तुझ्यासमोर आपटला.

"चौदापैकी एकही शाबीत होत नाही! उन्हात फिरून माझं डोकं उठलं आणि माझ्या हाती तुझं एक पाप लागलं नाही. तू पापी नाहीस, धाकूदादा!"

तू इतका घाबरलास की तांब्या सांडला.

"तसा नको बोलूस, ताय. पापी नाय तं मंग मी भायेर का बसतो? पाप्यांसाठीच त्यो आला ना? मी पापी नाय तं माजा त्याच्याशी संबंधच काय?"

कॉलेजात असलं विचारत नव्हते.

तू ओला पाय दुसऱ्या पायावर घासलास. मग म्हणालास, "राघोचा इचारलास?"

"कोण राघो?"

"माजा धाकला भाऊ. शहाडला ऱ्हातो."

यादीत राघो नव्हता. मी बसले. आणि तू, धाकूदादा, मला ठाऊक असलेल्या तुझ्या आयुष्यात पहिल्यांदाच, काही सांगितलंस ज्यात मगर नव्हती.

मिठावर सरकारचा कर. मिठागराबाहेर मूठभर मीठ नेलं तरी गुन्हा, मग ते तुम्हीच का पिकवलेलं असेना. बाप्तिस्म्याच्या आदल्या वर्षी एका दुपारी तू भाकरीच्या फडक्यात दोन मुठी मीठ बांधलंस. घाईत हाताला लागलं ते फडकं राघोचं होतं; तोही त्याच मिठागरावर कामाला. बांधावर शिपायाने झडती घेतली. मीठ सापडलं. त्याने विचारलं, "फडकं कुणाचं?" राघो म्हणाला, "माझं." ते खरंच होतं. त्याला महिनाभर कैद झाली. ठरलेलं लग्न मोडलं. सुटल्यावर तो बाळकुमात आला नाही. शहाडला नदीवर होडी वल्हवायला लागला.

"आणि तू?" मी विचारलं.

"मना कुनी इचारलाच नाय. इचारला असता तं कायतरी थाप मारली असती, सोरवला असता त्याला. तवा जीभ हाललीच नाय. येवरी बरबर करतो मी, ताय. त्या दिवशी एक अक्षर खोटा बोल्लो नाय. गप बसलो."

तो कैदेत होता त्या महिन्यात तू रोज तुरुंगाच्या भिंतीबाहेर जाऊन उभा राहायचास. परतताना तलावाकाठी आपल्या देवळाचं दार उघडं दिसलं. आत बाबा क्षमेबद्दल काहीतरी सांगत होते.

"तू तर म्हणायचास, देवदूताने हाताला धरून आत नेलं."

"देवदूत नव्हता. भायेर डास होते."

मी तुला सांगितलं की हेच मंडळीसमोर सांग. असंच, काही न घालता. तू म्हणालास, जमेल तसं.

सणाचा रविवार होता. आत भाकरी आणि प्याला मांडलेला. तू दारात उभा राहून बोललास. तुझा आवाज नेहमीचा नव्हता; मागच्या बाकांना ऐकू येईना. लोक माना पुढे करून मगरीची वाट पाहत होते. ती येईना तेव्हा त्यांना वाटलं, या वेळी फारच लांबून आणतोय. कुणीतरी फिसकलं. मग बाकावरून बाकावर हसू गेलं. शेवटी तान्ही आणि मास्तर सोडले तर जवळजवळ सगळे हसत होते. जन्मात एकदा तू खरं बोललास, आणि ती तुझी सगळ्यात बहारीची थाप ठरली.

मास्तर उठले. "साक्षीदार?"

"मीच."

"तू सोडून."

तू छपराकडे पाहिलंस. "देव."

मास्तरांनी कागदावर लिहिलं: साक्षीदार हजर नाही. कबुली अमान्य.

मी तिसऱ्या बाकावर बसले होते. उठून एवढं म्हणायला हवं होतं की माझा विश्वास आहे. पण राघोकडे जाऊन मी पडताळलेलं नव्हतं, आणि पडताळल्याशिवाय बोलायचं नाही असं मी नुकतंच शिकले होते. बसून राहिले.

तू जाऊन वहाणांजवळ बसलास. मला वाटलं, आता हा मोडला. खिडकीतून पाहिलं तर तू एकटाच मान हलवत होतास आणि स्वतःशी म्हणत होतास, "ऐकला त्यानं. ऐकला." कुणाला पटलं नाही याचं तुला काही नव्हतंच. ज्याला सांगायचं होतं त्याला पडताळायची गरज नव्हती, हे तुला माझ्या आधी समजलं.

आत भाकरी वाटून झाली. मग बाबा ताट आणि प्याला घेऊन सरळ दाराकडे चालू लागले.

मास्तर म्हणाले, "पाळकसाहेब, ठराव आहे."

"आत बसायचं नाही, असा ठराव आहे. तो बाहेरच बसलाय."

मास्तरांनी ठरावाचा कागद काढून वाचला. शब्द तसेच होते, त्यांच्याच अक्षरात.

बाबा उंबऱ्यावर वाकले. तू हात मागे घेतलेस.

"बाबा, मी उद्या पुना थाप मारीन. माजा मना ठाव हाय."

"मग परवा ये आणि सांग."

"परवा पन मारली तं?"

"तू सुधारलास म्हणून ही देत नाही, धाकू. प्रभूने ही भाकरी पहिल्यांदा मोडली तेव्हा जेवायला बसलेल्यांत कोण सुधारलेला होता? घे आता. माझी कंबर धरलीय."

तू घेतलीस.

संपादकांना इथे चरित्र संपलेलं आवडेल. पण त्यानंतर अर्ध्या तासात तू गोदूबाईला सांगितलंस की पाळकांनी तुला आख्खी भाकरी दिली, तीन प्याले दिले, आणि तलावावरून जाणाऱ्या एका गोऱ्या साहेबाने ते पाहून टोपी काढली. ठमाबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "बगा! सुधारला!"

सोमवारी सकाळी तू बाबांच्या ओट्यावर हजर. "बाबा, मारली."

पुढे सात वर्षं तू दर सोमवारी यायचास. थापा कधी कमी झाल्या, कधी वाढल्या. संपल्या असं एकदाही झालं नाही. एका वर्षी लागोपाठ पाच आठवडे एकही नव्हती, आणि सहाव्या आठवड्यात तू सांगितलंस की पाच नव्हे, नऊ आठवडे झाले. बदल झाला तो येण्यात. पूर्वी तू यायचास तो कचेरीत पुकारा झालेल्या माणसासारखा, पागोटं हातात घेऊन. नंतर यायचास तो घरी येतात तसा: आधी आईकडे चहा मागायचास, मग पाप सांगायचास, मग बाबांबरोबर गुडघे टेकायचास, आणि उठताना विचारायचास की मिरच्या लावल्यात का या वर्षी. मास्तरांचा ठराव तसाच राहिला. तूही आत गेला नाहीस. उंबरा तुला मानवला होता. बाबा दर महिन्याला कंबर धरून वाकायचे.

मात्र नव्वदच्या त्या सुट्टीच्या शेवटी, मी मुंबईला परत निघाले त्या दिवशी, माझी ट्रंक डोक्यावर घेऊन तू स्टेशनपर्यंत आलास. वाटेत एकही थाप नाही, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

"ताय, शहाडला जाशील?"

"कशाला?"

"राघोला सांगाया. मी तीनदा जावून आलो. सांगितला, मीट मी बांधलेला. तो हसतो. त्याला वाटता शिपायानंच घातला. बोलतो, दादूस, माजा डाग तुज्या अंगावर घेतोस, तू थोर हायस." तू ट्रंक खाली ठेवलीस. "थोर! ताय, त्यो मना थोर बोलतो! देवानं माफ केला, त्ये मना पावला. पन राघो फुकट त्या शिपायाला शिव्या देत जगतो. माजा कोन ऐकतो? तू शिकलेली. तुजा त्याला पटंल."

मी म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीत नक्की.

दिवाळीत माझी परीक्षा होती. नाताळात घरी पाहुणे होते. पुढच्या उन्हाळ्यात मला नदीकाठची हवा सोसवेना. मी आले की तू ओट्यावर बसलेला असायचास, आणि पहिला शब्द, "ताय, शहाड?" माझा ठरलेला, "पुढच्या खेपेला." चौथ्या का पाचव्या वर्षी, मला नोकरी लागली होती, घाई होती, कंटाळा आला होता, मी सांगून टाकलं की गेले होते, राघो भेटला नाही, होडी घेऊन पलीकडे गेला होता.

तू लगेच विश्वास ठेवलास. म्हणालास, "हाव, तो पलीकरं जातो दुपारचा. तू उन्हाची गेलीस? जेवलीस का कुठं?"

सत्त्याण्णवच्या प्लेगात तू गेलास. बाबांनी पत्रात कळवलं. राघो त्यानंतर बारा वर्षं, शेवटपर्यंत, शहाडच्या होडीवर होता, हे मला गोदूबाईकडून कळलं. त्या बारा वर्षांत मी शाळा तपासायला कल्याणला किती वेळा गेले याची मोजदाद नाही. तिथून शहाड कोसभर. दर वेळी काहीतरी काम निघायचं, आणि मी परतीची गाडी धरायचे.